ताजी मासळी, घरचं जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मासे आणणं, साफ करणं, रांधणं आणि पचवणं याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मापं चार माणसांच्या घराची आहेत. वाटी म्हणजे साधारण १५० मिली, चहाचा चमचा म्हणजे ५ मिली.

१. मासा ताजा आहे हे बाजारात उभ्या उभ्या कसं ओळखायचं?

आधी कल्ले उघडून बघा. ताज्या माशाचे कल्ले लालभडक आणि ओलसर असतात. तपकिरी, राखाडी किंवा चिकट बुळबुळीत झालेले असतील तर मासा सोडा. मग पोटाकडच्या मांसावर अंगठा दाबा. खळगा लगेच भरला पाहिजे. बोटाचा ठसा तसाच राहिला तर मासा जुना. बांगडा आणि तारली यांची पोटं सर्वांत आधी मऊ पडतात, कारण त्यांच्या आतड्यातले पाचक रस पोटाची भिंत आतूनच विरघळवू लागतात. म्हणून पोट फुटलेला बांगडा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

डोळे फुगीर आणि चकचकीत असावेत, पण एकट्या डोळ्यांवर विसंबू नका. बर्फाला चिकटून राहिलेल्या ताज्या माशाचेही डोळे धुरकट होतात. नाकाशी धरल्यावर समुद्राच्या पाण्यासारखा वास यायला हवा. उग्र वास म्हणजे सडायला सुरुवात झाली.

कापलेले तुकडे घेण्यापेक्षा अख्खा मासा निवडून समोर कापून घ्या. तुकड्यांना कल्ले नसतात, त्यामुळे ओळखायची मुख्य खूणच हातची जाते.

२. आणि कोळंबी, तिसऱ्या (शिंपल्या), चिंबोऱ्या (खेकडे)?

कोळंबीचं डोकं धडाला घट्ट असावं आणि साल चमकदार असावी. डोक्याशी काळे डाग दिसले म्हणजे ती सडलीच असं नाही, पण पकडून बराच वेळ झालाय हे नक्की. डोकं लोंबत असेल किंवा अमोनियासारखा वास येत असेल तर वाटा परत ठेवा. अर्धा किलो अख्खी कोळंबी सोलल्यावर २०० ते २५० ग्रॅम उरते, हे धरून घ्या.

तिसऱ्या आणि चिंबोऱ्या जिवंतच घ्यायच्या. तिसरीचं तोंड किंचित उघडं असेल तर दुसऱ्या तिसरीवर टकटक आपटा. जिवंत असेल तर मिटते. मेलेली चिंबोरी फार झपाट्याने खराब होते, म्हणून 'आत्ताच मेली' असं सांगितलं तरी घेऊ नका. चिंबोरी हातात घेऊन वजन करा. आकाराच्या मानाने जड लागली तर भरलेली.

३. तब्येतीला कुठली मासळी चांगली? महागाची पापलेट-सुरमईच घ्यावी का?

नाही. हृदयाला उपयोगी पडणारी ओमेगा-३ चरबी सर्वांत जास्त मिळते ती तारली आणि बांगड्यात, म्हणजे बाजारातल्या स्वस्त मासळीत. मांदेली, मोतके असे बारीक मासे काट्यासकट खाल्ले तर कॅल्शियमही मिळतं. तिसऱ्यांत लोह आणि बी-१२ भरपूर. पापलेट, हलवा पचायला हलके आणि काटे कमी, म्हणून मुलांना आणि आजाऱ्याला बरे. पण त्यांच्या किमतीचा पोषणाशी संबंध नाही.

पापलेट घेताना एक विनंती आहे. तळहाताएवढी पिल्लं घेऊ नका. रुपेरी पापलेटला सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने राज्य मासा जाहीर केलं, त्यामागे हाच प्रश्न होता: अंडी घालण्याआधीच मासा ताटात येतोय. घेणाऱ्याने पिल्लं नाकारली तर मासेमाराला जाळ्याच्या आसाचा, म्हणजे भोकांच्या आकाराचा, विचार करावाच लागतो.

४. आठवड्याला किती खावी?

निरोगी माणसाने दोनदा, दर वेळी शिजवलेले ८५ ते १०० ग्रॅम मांस, इतकं पुरेसं आहे. म्हणजे मध्यम आकाराचा एक बांगडा किंवा सुरमईची एक जाड तुकडी. दोनांपैकी एकदा तारली-बांगड्यासारखा तेलकट मासा असू द्या. रोज खाणाऱ्या किनाऱ्यावरच्या घरांनी प्रकार बदलत राहावं आणि तळलेलं कमी करावं, बस्स.

५. मासा घरी आणल्यावर आधी काय करायचं? किती वेळा धुवायचा?

आधी अख्खा धुवायचा, मग खवले, मग कल्ले आणि पोट, मग पुन्हा एकदा वाहत्या पाण्याखाली आतून धुवायचा. मणक्याला चिकटलेली काळपट रक्ताची रेघ नखाने खरवडून काढा. वास आणि कडवटपणा बराचसा तिथूनच येतो. तुकडे केल्यावर मात्र पाच-पाच पाणी बदलून चोळत बसू नका, मांसाची चव धुऊन जाते. एक पाणी पुरे.

लगेच रांधायचा नसेल तर साफ केलेला मासा कापडाने कोरडा टिपा, चाळणीत ठेवा, वर ओला कपडा आणि त्यावर बर्फ. खाली भांडं ठेवा, म्हणजे वितळलेल्या पाण्यात मासा भिजत राहणार नाही. फ्रीजच्या सर्वांत थंड कप्प्यात बांगडा-तारली एक दिवस आणि पापलेट-हलवा फार तर दोन दिवस. कोळंबीचं डोकं आल्या आल्या काढा, कारण डोक्यातले पाचक रस मांस मऊ पाडतात.

६. हाताचा, भांड्याचा आणि घरातला वास जात नाही. उपाय?

माशाचा वास ज्या पदार्थाचा असतो तो अल्कधर्मी आहे, म्हणून आंबटाने तो दबतो. हाताला लिंबाची साल किंवा भिजवलेलं आमसूल चोळा, नंतर साबण. भांडी आधी थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने माशाची प्रथिनं भांड्यालाच शिजून चिकटतात. मोरी माशाला (शार्कला) येणारा अमोनियाचा दर्प वेगळा. तिच्या अंगात युरिया असतो, त्याचा तो अमोनिया होतो. मोरीचे तुकडे लिंबू किंवा चिंचेच्या पाण्यात अर्धा तास ठेवून धुतले की तो बराच उतरतो.

७. तळताना मासा तव्याला चिकटतो आणि साल निघून येते. कमी तेलात तळता येईल का?

येईल, आणि चिकटण्याचं कारण तेल कमी असणं हे नसतंच बहुधा. मासा ओला असतो किंवा तवा पुरता तापलेला नसतो. कोमट धातूला कच्ची प्रथिनं घट्ट धरून बसतात. तवा तापलेला असेल तर लगेच पापुद्रा धरतो आणि तो तयार झाला की मासा आपणहून सुटतो.

चार तुकड्यांची पद्धत अशी. दीड ते दोन सेंटिमीटर जाडीचे तुकडे टिपून कोरडे करा. अर्धा चमचा मीठ, पाव चमचा हळद, दोन चमचे तिखट, एक चमचा आलं-लसूण आणि एक चमचा आगळ (कोकमाचा आंबट रस) लावून वीस मिनिटं ठेवा. तासभर ठेवलं तर आंबटाने बाहेरचं मांस भुसभुशीत होतं. अख्ख्या बांगड्याला दोन्ही बाजूंनी तिरप्या तीन चिरा द्या. बिडाचा तवा मध्यम मोठ्या आचेवर चार मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत पळाला पाहिजे. आता दोन चमचे तेल, त्यावर तांदळाच्या पिठात हलके घोळवलेले तुकडे. रव्याचा थर जाड बसतो, तांदळाच्या पिठाचा पातळ, म्हणून पिठात तेल कमी लागतं.

पहिली बाजू चार मिनिटं हलवायची नाही. कडेने पांढरा रंग अर्ध्या उंचीपर्यंत चढला की उलथनं सरकवून बघा. अडत असेल तर आणखी अर्धा मिनिट थांबा. दुसरी बाजू तीन मिनिटं. झाकण ठेवू नका, वाफेने कुरकुरीतपणा जातो. सगळे तुकडे एकदम कोंबले तर तवा गार होऊन पुन्हा चिकटायला लागतो.

या पद्धतीने माणशी अर्धा चमचा तेल, म्हणजे २० ते २५ कॅलरी. एअर फ्रायर असेल तर तेलाचा हात लावून १९० अंशावर तुकडे ८ ते १० मिनिटं, अख्खा बांगडा १४-१५ मिनिटं. चव तव्याची नाही येत, हे आधीच सांगितलेलं बरं.

८. बोंबील तळताना पाणी सुटून लगदा होतो.

ओल्या बोंबलाचं मांस मुख्यतः पाणीच असतं. मधून चिरून उघडा, मधला काटा काढा, मीठ लावून दोन स्वच्छ कापडांच्या मध्ये पसरा आणि वर पाट व त्यावर वरवंटा किंवा भरलेला डबा ठेवा. तासाभरात पाणी निघून तो चपटा होतो. दाबून ठेवायचा तो फ्रीजमध्ये. मसाला त्यानंतर लावा. पुढे प्रश्न ७ प्रमाणेच, फक्त आच थोडी मोठी.

९. नारळ कमी करून कालवण दाट आणि चवदार कसं करायचं?

अर्धा किलो मासळीला अर्धी वाटी ओलं खोबरं पुरतं. दाटपणा खोबऱ्याच्या मापापेक्षा वाटण किती बारीक आहे यावर येतो. सहा-सात बेडगी मिरच्या आणि एक चमचा तांदूळ अर्धा तास भिजवा. त्यात एक चमचा धणे, चार मिरी, पाव चमचा हळद, अर्धा लहान कांदा आणि खोबरं घालून गंधासारखं वाटा. वाटण बोटांत चोळल्यावर खर लागता कामा नये. तांदळामुळे रस्सा फुटत नाही आणि अंगाबरोबर होतो.

वाटणात तीन वाट्या पाणी आणि सव्वा चमचा मीठ घालून आठ-दहा मिनिटं उकळा. मसाल्याचा कच्चेपणा आता गेला पाहिजे, कारण मासा पडल्यावर उकळायला वेळ मिळत नाही. मग पाच-सहा आमसुलं आणि मासळी. मंद आचेवर सहा ते आठ मिनिटं. साधा नियम असा की मांसाच्या दर सेंटिमीटर जाडीला चार मिनिटं. काट्याजवळचं मांस दुधी पांढरं होऊन सुटलं की झालं. थर्मामीटर असेल तर आत ६३ अंश सेल्सिअस. चमच्याने ढवळू नका, टोप फडक्याने धरून गोल हलवा. शेवटी वरून एक चमचा कच्चं खोबरेल. फोडणीची गरज नाही.

१०. आमसूल, चिंच, कैरी, तिरफळ: कशाला काय?

तारली-बांगड्यासारख्या तेलकट माशाला तिरफळ, म्हणजे कोकणातलं उग्र वासाचं मसाल्याचं फळ. आठ-दहा तिरफळं आतली काळी बी काढून किंचित ठेचायची आणि मासळीबरोबरच घालायची. बारीक वाटली तर कडू होतात. बीसुद्धा कडू. आमसूल कुठल्याही माशाला चालतं. चिंच रस्सा काळपट करते, पण बांगड्याच्या तिखल्यात (दाटसर तिखट कालवणात) ती शोभते. चैत्र-वैशाखात कैरी, विशेषतः कोळंबीला.

११. कोळंबी रबरासारखी होते.

जास्त शिजते म्हणून. मध्यम कोळंबीला उकळत्या रश्शात किंवा तापल्या कढईत दोन ते तीन मिनिटं पुष्कळ झाली. अर्धचंद्रासारखी वळली की गॅस बंद. वळून डोकं-शेपूट चिकटून कडं झालं म्हणजे वेळ टळली. पाठीतला काळा धागा चिरून काढा. तो तिचा कोठा असतो, त्यात रेती असते. डोकी आणि सालं टाकू नका. दोन वाट्या पाण्यात पंधरा मिनिटं उकळून गाळा आणि ते पाणी रश्शाला किंवा भाताला वापरा. तेल-खोबरं वाढवण्यापेक्षा या पाण्याने चव खरी वाढते.

१२. तिसऱ्या चार पाण्यांनी धुऊनही रेती येते.

रेती आत असते, बाहेरून धुऊन कशी जाईल? एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ विरघळवा. परातीत चाळण ठेवून तिच्यावर तिसऱ्या एका थरात पसरा, हे पाणी तिसऱ्या जेमतेम बुडतील इतकंच घाला, वर झाकण टाका आणि एक-दोन तास हलवू नका. अंधारात तिसऱ्या तोंड उघडून रेती बाहेर टाकतात. चाळणीमुळे ती खाली पडते आणि पुन्हा आत ओढली जात नाही. गोड्या पाण्यात ठेवल्या तर तोंड मिटून मरतात. बहुतेकांची चूक इथेच होते.

नंतर चोळून धुवा. अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवल्या तर विळीवर सहज उघडतात. एक शिंपी टाकून मांस असलेली ठेवायची. नाहीतर घट्ट झाकणाखाली चार-पाच मिनिटं वाफवा. फुटलेल्या, आधीपासून उघड्या राहिलेल्या आणि शिजूनही न उघडलेल्या टाकून द्या. सुटलेलं पाणी मलमलच्या कापडातून गाळून सुक्यात घाला. ते खारट असतं, म्हणून मीठ शेवटी, चाखून.

१३. जिवंत चिंबोरी साफ कशी करायची? अमावस्येची भरलेली असते हे खरं का?

आधी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. ती सुन्न होते, तिचे हाल होत नाहीत आणि तुमची बोटंही वाचतात. मग उलटी करून पोटाखालची झडप उचला, तिथेच अंगठा घालून पाठीची कवटी वेगळी करा. दोन्ही बाजूंचे पिसांसारखे राखाडी कल्ले आणि डोळ्यांमागची लहान पिशवी काढून टाका. पिवळी-नारिंगी लाख (कवटीतला मऊ गर) ठेवा. मोठे नांगे हलके ठेचा, म्हणजे मसाला आत जातो. बारीक पाय अर्धी वाटी पाण्याबरोबर वाटून गाळा आणि तो रस कालवणात घाला. चिंबोरीच्या रश्शाची गोडी मुख्यतः यातच असते. शिजायला बारा ते पंधरा मिनिटं.

अमावस्येपेक्षा भरवसा हाताच्या वजनावर ठेवा. चिंबोरी कात टाकते तेव्हा नवी कवटी मोठी आणि आतलं मांस थोडं, म्हणून ती पोकळ लागते. पोटाची झडप रुंद-गोल असते ती मादी, अरुंद-टोकदार तो नर. पोटाखाली अंड्यांचा घोस असलेली मादी घेऊ नका.

१४. कालवं परदेशात कच्ची खातात. इथे खाल्ली तर?

खाऊ नका. कालवं पाणी गाळून जगतात, त्यामुळे खाडीतलं सांडपाणी, काविळीचे विषाणू आणि जंतू त्यांच्यात साठतात. लिंबू पिळून ते मरत नाहीत. मांस पूर्ण शिजवा. शहराजवळच्या, कारखान्यांच्या खाडीतली कालवं-तिसऱ्या शिजवूनही टाळा, कारण जड धातू उकळून जात नाहीत.

१५. कोळंबी-चिंबोरीने कोलेस्टेरॉल वाढतं का?

कोळंबीत कोलेस्टेरॉल जास्त आहे, १०० ग्रॅममध्ये साधारण १५० ते १९० मिलिग्रॅम. पण रक्तातलं कोलेस्टेरॉल जास्त करून संपृक्त चरबीने वाढतं आणि ती कोळंबीत अगदी थोडी असते. आठवड्यातून एकदा खायला बहुतेकांना हरकत नसते. भर पडते ती तळण्याच्या तेलाची आणि दोन-दोन वाट्या खोबऱ्याची. हृदयाची औषधं चालू असतील तर आपल्या डॉक्टरांचं ऐका. गाभोळी (माशाची अंडी) मात्र बेतानेच.

१६. मधुमेह, रक्तदाब, युरिक अॅसिड असेल तर?

मधुमेहाला मासळी चांगलीच. सांभाळायचा तो बरोबरचा भाताचा ढीग. रक्तदाबाला मीठ मोजा. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, म्हणजे सगळ्या जेवणात मिळून जेमतेम एक चमचा. खारवलेला बांगडा, सुकट, सुके बोंबील यांच्या एका वाढणीतच त्यातलं बरंच संपतं. सुकी मासळी गरम पाण्यात दोनदा भिजवून पाणी फेका आणि रांधताना मीठ घालूच नका. युरिक अॅसिड वाढलेल्यांनी तारली, जवळा, तिसऱ्या कमी कराव्यात आणि सांधा सुजलेला असताना पूर्ण बंद ठेवाव्यात.

१७. गरोदर बाईने मासे खावेत का? बाळाला कधीपासून?

खावेत. बाळाच्या मेंदूला ओमेगा-३ लागतं. टाळायची ती मोठी शिकारी मासळी: मोरी, तलवार मासा, मोठ्या आकाराची सुरमई आणि मोठा कुपा (ट्यूना). लहान मासे खाऊन खाऊन त्यांच्या अंगात पारा साठतो. तारली, बांगडा, पापलेट, कोळंबी चालतात, पूर्ण शिजवून. बाळाला वरचं अन्न सुरू झालं की, म्हणजे सहा महिन्यांनंतर, वाफवलेलं पापलेट किंवा हलवा बोटांनी कुस्करून, प्रत्येक घास चाचपून द्या. पहिल्यांदा दिवसा आणि अगदी थोडं, म्हणजे अॅलर्जी असेल तर लक्षात येते.

१८. मासे आणि दूध एकत्र घेतल्याने अंगावर पांढरे डाग पडतात का?

नाही. कोड त्वचेचा रंग बनवणाऱ्या पेशी नष्ट झाल्याने येतं, जेवणातल्या जोडीने नाही. बंगालमध्ये दह्यातला मासा आवडीने खातात.

१९. बांगडा खाऊन तोंड लाल झालं, खाज सुटली, डोकं दुखलं. अॅलर्जी की मासा खराब?

दोन्ही शक्य आहेत आणि फरक ओळखणं महत्त्वाचं. बांगडा, सुरमई, कुपा, तारली काही तास उन्हात किंवा बर्फाविना राहिली की जंतू त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार करतात. खाताना जिभेला मिरीसारखी चुणचुण लागते, काही मिनिटांपासून तासा-दोन तासांत चेहरा लाल होतो, धडधडतं, डोकं ठणकतं. एकाच ताटातल्या अनेकांना झालं, किंवा तुम्ही एरवी बांगडा बिनधास्त खाता, तर हाच संशय घ्या. हे विष उकळून, तळून किंवा गोठवून जात नाही. मासा दिसायला ताजाही असू शकतो. म्हणून बाजारात बर्फाची पिशवी घेऊन जा.

अॅलर्जी असेल तर तोच प्रकार ताज्या माशानेही प्रत्येक वेळी होतो. कोळंबी-चिंबोरीची अॅलर्जी वेगळी, माशाची वेगळी. एक असली म्हणजे दुसरी असतेच असं नाही. कोळंबी शिजतानाच्या वाफेनेही काहींना त्रास होतो. ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला तर घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

२०. फॉर्मॅलिन (मासा टिकवायला चोरून लावतात ते रसायन) लावलेला मासा घरी ओळखता येतो का?

नुसतं बघून खात्रीने नाही. गोव्यात जुलै २०१८ मध्ये यावरून बाहेरच्या मासळीच्या आयातीवर बंदी आली होती. त्याच वर्षी कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेची फॉर्मॅलिन ओळखणारी तपासपट्टी चर्चेत आली. मासा विचित्र ताठ, कल्ले फिके, माशाचा वासच नाही आणि आसपास एकही माशी नाही, अशी जुळणी दिसली तर सोडून द्या. जवळच्या बंदराची, ओळखीच्या कोळणीकडची मासळी घेणं हाच व्यवहार्य मार्ग.

२१. पावसाळ्यात काय खावं?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, कारण अनेक जातींचा तो प्रजननाचा काळ. तेव्हा दिसणारी मोठी सुरमई बहुधा गोठवलेली असते. ती 'ताजी' म्हणून ताज्याच्या भावाने घेऊ नका. रोहू, कटला किंवा बिगरयांत्रिक होड्यांची थोडी मासळी घ्या. रोहूला बारीक काटे फार, मुलांना जपून द्या.

२२. घरच्या फ्रीझरमध्ये किती दिवस?

उणे १८ अंशाला बांगडा-तारली दोन-तीन महिने, पापलेट-हलवा चार ते सहा. तेलकट मासा गोठूनही खवट होतो, म्हणून त्याची मुदत कमी. एका जेवणापुरती पाकिटं, हवा काढून, तारीख लिहून. सोललेली कोळंबी डब्यात पाण्यात बुडवून गोठवली तर कोरडी पडत नाही. वापरायच्या आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. ओट्यावर ठेवून वितळवू नका. वितळलेली कच्ची पुन्हा गोठवू नका.

२३. परदेशात बांगडा-सुरमई मिळत नाही. बदली काय?

बांगड्याला अटलांटिक मॅकरेल. तो जास्त तेलकट, तव्यावर एक चमचा तेल पुरतं. तारलीला सार्डिन, तिसऱ्यांना क्लॅम किंवा मसल. मसलचे दोरे ओढून काढा. हलव्याच्या जागी सी ब्रीम. रावस म्हणून सामन घ्याल तर कालवण फसेल. रावसाला इंग्रजीत इंडियन सामन म्हणतात, पण तो सामन नव्हे. सामनचं मांस तेलकट, आमसुलाच्या पातळ रश्शात जड लागतं. त्याला तव्यावर हिरवं वाटण लावून भाजा.